खंदकातून आलेलं कार्ड कसं वाचावं : पहिल्या महायुद्धाच्या पोस्टकार्डांची आणि व्यंगचित्रांची तोंडओळख

पहिल्या महायुद्धातलं पोस्टकार्ड हातात आलं की नजर आधी चित्राकडे जाते. काटेरी तार, वाळूची पोती, गुडघाभर चिखल, पाइप ओढत बसलेला शिपाई. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की कार्ड आधी टपाल म्हणून वाचा, चित्र म्हणून नंतर. चित्रातून कोणाला काय दाखवायचं होतं ते कळतं, मागच्या बाजूवरून काय बोलायची परवानगी होती ते कळतं. खंदकातलं आयुष्य या दोन्हींच्या फटीतून दिसतं, आणि माझ्या मते ते सर्वांत मोकळेपणाने दिसतं व्यंगचित्रांत.

थोडी पार्श्वभूमी. १९१४ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवरच्या दोन्ही फौजा जमिनीत घुसल्या. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची रेघ उभी राहिली आणि पुढची तीनेक वर्षं ती फारशी हलली नाही. नेमका तोच काळ पोस्टकार्डांच्या भरभराटीचा होता. छपाई स्वस्त होती आणि आघाडीवरच्या सैनिकाला घरी कार्ड पाठवायला तिकीट लागत नसे. उलट दिशेने, ब्रिटिश सैनिकांकडे जाणारी पत्रं ऐन भरात आठवड्याला १ कोटी २० लाखांवर गेली होती. म्हणून ही कार्डं आजही मिळतात, आणि म्हणूनच ती वाचायला शिकण्यात अर्थ आहे.

पहिली पायरी : कार्ड उलटं करा

मागच्या बाजूला आधी छापील मजकूर पाहा. फ्रेंच कार्डावर 'एफ. एम.' अशी अक्षरं असतील तर ती सैनिकांना मिळणाऱ्या मोफत टपालाची खूण. जर्मन कार्डावर 'फेल्डपोस्ट' लिहिलेलं असतं आणि बहुधा तुकडीचा शिक्काही असतो. ब्रिटिश सैनिक हाताने 'ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस' किंवा नुसतं 'ओ. ए. एस.' लिहीत. त्याखेरीज फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का आणि सेन्सॉरचा शिक्का. सेन्सॉरच्या शिक्क्यात एक क्रमांक असतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नाव मिळणार नाही, कारण ते लिहायला बंदी होती. तारीख, फील्ड पोस्टाचा क्रमांक आणि तुकडीचं नाव यांवरून जागेचा माग काढावा लागतो.

तिकीटसंग्राहकांनी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं. भारतातून परदेशी गेलेल्या फौजेसाठी पाचव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर 'आय. ई. एफ.' ही अक्षरं जादा छापली जात. इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्सचे भाग अक्षरांनी ओळखले जात : 'ए' फ्रान्समध्ये, 'डी' मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मराठी घरातल्या जुन्या पाकिटावर असं तिकीट दिसलं तर ते सोलून काढू नका. पाकीट, तिकीट आणि शिक्का एकत्र असतील तरच त्यांचा पुरावा पुरा राहतो.

मागच्या बाजूचं महत्त्व पटवणारं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ब्रिटिश सैन्याचं 'फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड', आर्मी फॉर्म ए २०४२. त्यावर चित्र नाही. छापील वाक्यं आहेत : मी बरा आहे. मला इस्पितळात दाखल केलं आहे. मला मागच्या तळावर पाठवत आहेत. तुमचं पत्र, तार, पार्सल मिळालं. बऱ्याच दिवसांत तुमचं पत्र नाही. नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. एक शब्द जरी जास्त लिहिला तरी कार्ड नष्ट केलं जाईल, असं त्यावरच छापलेलं आहे. सैनिक त्याला 'विझ-बँग' म्हणत. एका जर्मन तोफगोळ्यालाही त्यांनी हेच नाव दिलेलं होतं.

हे रुक्ष कार्ड मला रंगीत कार्डांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. मोठ्या चकमकीनंतर ही कार्डं ढिगाने निघत. घरच्यांना एवढंच कळायचं की सही केली त्या दिवशी तो जिवंत होता. आणि बंदी असली तरी माणसं वाट काढतातच. कवी विल्फ्रेड ओवेनने आईशी आधीच ठरवून ठेवलं होतं : 'मला तळावर पाठवत आहेत' हे वाक्य दोन रेघांनी खोडलेलं दिसलं, तर मी आघाडीवर गेलो असं समज. असं कार्ड मिळालं तर कोणती वाक्यं खोडली आहेत आणि कशी, हे भिंगाखाली पाहा. एक रेघ की दोन, पेन्सिल की शाई, हात घाईचा की सावकाश.

दुसरी पायरी : कार्ड कोणत्या जातीचं ते ठरवा

ढोबळमानाने पाच प्रकार पुरेत. खरा फोटो कागदावर उमटवलेलं कार्ड. फोटोवरून छापखान्यात छापलेलं कार्ड. भरतकामाचं रेशमी कार्ड. गाण्याच्या ओळींचं भावुक कार्ड. यॉर्कशरमधल्या होमफर्थची बॅमफर्थ कंपनी यासाठी प्रसिद्ध होती. आणि व्यंगचित्राचं कार्ड.

पहिल्या दोन प्रकारांतला फरक दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने कळतो. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. खऱ्या फोटोत ठिपके नसतात, करडी छटा सलग उतरत जाते आणि जुन्या फोटोच्या काळ्या भागावर तिरप्या उजेडात रुपेरी झाक मारते. जर्मन सैनिकांनी खंदकात काढलेली अशी फोटोकार्डं पुष्कळ आढळतात, कारण त्यांच्याकडे खासगी कॅमेरे बरेच होते. ब्रिटिश सैन्याने मात्र सैनिकांच्या कॅमेऱ्यांवर लवकरच बंदी घातली.

रेशमी कार्डं मुख्यतः फ्रान्समध्ये भरली जात. रेशमी जाळीच्या पट्ट्यावर तेच चित्र ओळीने भरायचं, मग कारखान्यात ते कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं. काहींना छोटा कप्पा असतो आणि त्यात इवलंसं शुभेच्छापत्र. ही कार्डं नाजूक म्हणून पाकिटात घालून पाठवत, त्यामुळे मागे शिक्का किंवा पत्ता नसला तर दचकू नका. खंदकाची झलक त्यांत शोधू नये. फुलं, झेंडे, रेजिमेंटची चिन्हं, 'माझ्या लाडक्या आईला' अशा ओळी. आपल्या माणसांना काय दिसू नये असं सैनिकाला वाटत होतं, ते मात्र या कार्डांवरून चांगलं समजतं.

तिसरी पायरी : फोटोतला काळ आणि खरेपणा तपासा

तारीख नसेल तर डोक्याकडे पाहा. १९१४ मधला सैनिक लोखंडी टोपाविना दिसतो : फ्रेंचांची केपी टोपी, जर्मनांचं वर टोक असलेलं चामड्याचं शिरस्त्राण, ब्रिटिशांची कापडी टोपी. फ्रेंचांचं पोलादी हेल्मेट १९१५ मध्ये आलं. ब्रिटिशांचं ताटलीसारखं हेल्मेट १९१५ च्या अखेरीपासून दिसू लागतं आणि १९१६ मध्ये सर्रास होतं. जर्मनांचं कानांवर उतरणारं हेल्मेटही १९१६ चं. फ्रेंच शिपायाची लाल विजार रंगीत कार्डावर दिसली तर काळ युद्धाच्या सुरुवातीचा. पुढे निळसर राखी गणवेश आला. गॅसचा मुखवटा असेल तर कार्ड बहुधा एप्रिल १९१५ नंतरचं, कारण बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ २२ एप्रिलला क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला झाला. चित्रकार आणि प्रकाशक जुनी चित्रं पुन्हा वापरत, म्हणून या खुणांवरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच ठामपणे म्हणावं.

खरेपणाचा प्रश्न अवघड आहे. छापून विकल्या गेलेल्या फोटोंत 'हल्ला चालू आहे' असं दाखवणारे बरेचसे फोटो आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी काढलेले आहेत. कॅनडाच्या सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार आयव्हर कॅसल याने १९१६ मध्ये खंदकातून उसळून बाहेर पडणाऱ्या सैनिकांचे गाजलेले फोटो काढले, ते प्रशिक्षण केंद्रात. त्यातल्या बंदुकींवर कापडी आवरणं होती, ती पुढे लोकांच्या लक्षात आली. साधी कसोटी अशी : कॅमेरा कुठे उभा असेल? सैनिकांच्या पुढे, शत्रूच्या बाजूला, उघड्यावर कॅमेरा असेल तर खरी गोळीबाराची वेळ असणं कठीण.

लंडनच्या 'डेली मेल'ने १९१६ पासून अधिकृत युद्धफोटोंची कार्डं काढली, आठ-आठांचे २२ संच. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतले पुष्कळ फोटो त्यांत आहेत. नवख्याने सुरुवातीला हीच अभ्यासावीत, कारण ती सहज मिळतात, क्रमांक घातलेली आहेत आणि सरकारला लढाई कशी दिसायला हवी होती ते त्यांत स्वच्छ उमटलं आहे : हसरे सैनिक, शुश्रूषा करणारे हात, पकडलेले जर्मन. आपल्या बाजूचे मृत जवळपास दिसतच नाहीत.

चौथी पायरी : विनोदाच्या खाली काय आहे ते शोधा

इथे थोडं रेंगाळायला हवं.

सगळी युद्धव्यंगचित्रं एका माळेत ओवू नका. एका बाजूला घरबसल्या काढलेली चित्रं आहेत. नेदरलँड्सचा लुई रेमेकर्स हा त्यातला सर्वांत प्रभावी. त्याची जर्मनविरोधी चित्रं ब्रिटिश प्रचारखात्याने जगभर पोचवली. बेल्जियममधले अत्याचार, रक्ताळलेला कैसर म्हणजे जर्मन सम्राट, क्रूसावरची माणुसकी. चित्रकार म्हणून त्याची ताकद वादातीत आहे, पण त्याच्या चित्रांतून खंदक दिसत नाही, संताप दिसतो. फ्रान्समध्ये पुल्बो या चित्रकाराने लढाईचा खेळ खेळणारी गल्लीतली पोरं काढली. तीही घरातल्यांसाठीच.

दुसऱ्या बाजूला खंदकात बसून काढलेली चित्रं. ब्रूस बेअर्न्सफादर हे नाव लक्षात ठेवा. याचा जन्म १८८७ मध्ये मरी इथला, तेव्हाच्या हिंदुस्थानातला. रॉयल वॉरिकशर रेजिमेंटमध्ये तो मशीनगन अधिकारी होता. बेल्जियममध्ये प्लुगस्टीअर्टजवळच्या एका पडक्या घराच्या भिंतींवर त्याने चित्रं काढायला सुरुवात केली. १९१५ मध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत जखमी होऊन तो परतला, आणि 'बायस्टँडर' साप्ताहिकात त्याची चित्रं येऊ लागली. पुढे ती पोस्टकार्डांच्या संचांतही निघाली आणि घराघरांत पोचली.

त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र नोव्हेंबर १९१५ चं. अंधारात तोफगोळे फुटताहेत आणि दोन शिपाई गोळ्याने पडलेल्या खड्ड्यात छातीपर्यंत रुतून बसले आहेत. एकाची कुरकुर चालली असणार, कारण दुसरा त्याला म्हणतो, यापेक्षा चांगला खड्डा माहीत असेल तर जा की तिथे. लोक खूप हसले. पण चित्राकडे नीट पाहा : खड्ड्याबाहेर काहीच नाही. झाड नाही, घर नाही, माघारी जायची वाट नाही. दोन खंदकांमधल्या पट्ट्यात अडकलेल्या माणसाला निवड कसली असते, हे त्या एका ओळीत आलं आहे.

आता त्याची दुसरी चित्रं घ्या. भिंतीला तोफगोळ्याने पडलेलं भलंमोठं भगदाड पाहून नवा पोरगा विचारतो, हे कशाने पडलं? कंटाळलेला म्हातारा शिपाई म्हणतो, उंदरांनी. आणखी एका चित्रात सैनिक जॅमच्या डब्याकडे बघत विचारताहेत, स्ट्रॉबेरीचा जॅम कधी येणार? रसदीत येणारा प्लम आणि सफरचंदाचा जॅम खाऊन सगळे विटले होते. फ्रान्समधल्या लूसच्या हल्ल्याच्या धुमश्चक्रीत एका कर्नलला मुख्यालयातून निरोप येतो : गेल्या शुक्रवारी तुम्हाला रासबेरी जॅमचे किती डबे दिले ते ताबडतोब कळवा. कागदी घोडे नाचवणाऱ्या कचेरीबद्दल आघाडीवरच्या माणसाला काय वाटत होतं, ते यात सगळं आहे. अशा चित्रांत छोट्या वस्तूंवर बोट ठेवत जा. जॅमचा डबा का? कारण रिकाम्या डब्यांचंही तिथे काम होतं. सुरुवातीच्या महिन्यांत हातबॉम्ब पुरेसे नव्हते, तेव्हा डब्यांत स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे भरून ते फेकत.

या चित्रांवर लंडनमध्ये आक्षेपही घेतले गेले, आमच्या वीरांना असं गबाळं का दाखवता म्हणून. सैनिकांना मात्र ती आपली वाटली, आणि शेवटी युद्धखात्यानेच बेअर्न्सफादरला मित्रराष्ट्रांच्या फौजांसाठी चित्रं काढायला धाडलं. इथे एक प्रश्न मनात ठेवा. ज्या चित्राला सरकारने जवळ केलं ते कितपत बंडखोर? माझं मत असं की त्याचा विनोद तक्रार करतो, पण लढाई नाकारत नाही. सैनिकाला त्यातून आधार मिळे आणि सरकारलाही तेच हवं होतं. दोन्ही खरं आहे.

खंदकांतली वर्तमानपत्रंही बघा. ईप्रच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या छपाईयंत्रावर शेरवुड फॉरेस्टर्स या ब्रिटिश पलटणीच्या अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये 'वायपर्स टाइम्स' काढला ('वायपर्स' हा ब्रिटिश सैनिकांचा ईप्रचा उच्चार). त्यात खोट्या जाहिराती असत : तुम्हाला आशावादाची बाधा झाली आहे का, मग आमच्याकडे उपचार घ्या. जर्मनांच्या बाजूला, त्यांनी काबीज केलेल्या फ्रान्सच्या लील शहरातून निघणाऱ्या पत्रात कार्ल आर्नोल्डची चित्रं येत. शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंची चित्रं शेजारी ठेवा. चिखल, उवा आणि उंदीर यांचा विनोद सगळीकडे सारखाच आहे.

पाचवी पायरी : चित्रात कोण आहे आणि बोलतंय कोण?

मराठी वाचकाला ही पायरी जवळची वाटेल. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानी फौजेच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजनच्या तुकड्या फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. फ्रेंच प्रकाशकांनी लगेच त्यांची कार्डं काढली : छावणीतला स्वयंपाक, फेटे, बकऱ्या, घोडे. मथळ्यात बहुतेक सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटलेलं असतं, मग चित्रात शीख असोत, पठाण असोत की गुरखे. मथळ्यावर विसंबू नका. फेट्याची बांधणी, खांद्यावरची अक्षरं, हत्यार यांवरून तुकडी ओळखायचा प्रयत्न करा.

लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या 'थर्ड सॅपर्स अँड मायनर्स'च्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या, आणि त्यांत मराठे होते. २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शीख पलटणीसोबत त्यांनी फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावर चाल केली. पूल बांधणारी, सुरुंग पेरणारी ही माणसं गल्लीबोळांत संगिनीने लढली, आणि त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी ठार किंवा जखमी झाले. या लढाईचा फोटो नाही. न्यव्ह शापेलची कार्डं मिळतात ती पडक्या गावाची. ती पाहताना हे आठवायला हवं.

जखमी भारतीयांना इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्यात ठेवलं होतं. झुंबरांखाली खाटांवर पहुडलेले शिपाई दाखवणारी कार्डं भरपूर छापली गेली. साम्राज्य आपल्या शिपायांची कशी काळजी घेतं हे हिंदुस्थानात दिसावं, हा हेतू उघड होता. काळजी खोटी नव्हती. वेगवेगळ्या धर्मांसाठी आणि जातींसाठी तिथे नऊ स्वयंपाकघरं होती. पण त्या खाटेवरच्या माणसाचं स्वतःचं म्हणणं कार्डावर नाही. ते सापडतं सेन्सॉरच्या कचेरीत. भारतीय टपाल तपासणाऱ्या कचेरीत कॅप्टन हॉवेल आणि त्याचे सहकारी शिपायांच्या पत्रांचे उतारे इंग्रजीत करून ठेवत. ते उतारे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत शिपाई काळी मिरी आणि लाल मिरची अशा खुणेच्या शब्दांत लिहितात : काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल म्हणजे गोरी. ब्रायटनचं कार्ड आणि हे उतारे एकत्र ठेवून वाचा. एकट्या कार्डावर भागवू नका.

सहावी पायरी : जपणूक आणि खरेदी

कार्ड कडेला धरा. माहिती लिहायचीच तर मागे मऊ पेन्सिलीने. लॅमिनेशन, चिकटपट्टी, फेव्हिकॉल यांपैकी काहीही नको. स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून निघणारं रसायन कागद आणि फोटो खराब करतं, म्हणून पॉलिएस्टरची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी आणि कसर हे मोठे शत्रू. कार्डं भिंतीलगतच्या कपाटात तळाशी ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ नकोत. दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. फक्त चित्राची बाजू स्कॅन करणं म्हणजे अर्धं कार्ड फेकून देणं.

विकत घेताना एक साधी परीक्षा : अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो बहुधा १९५० नंतरचा, म्हणजे नवी नक्कल. चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात ही टॉर्च आणि भिंग खिशात असू द्या. पैसे घालण्याआधी महिनाभर तरी फुकट बघत राहा. लंडनचं इम्पीरियल वॉर म्युझियम, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका' आणि युरोपभरातल्या कुटुंबांनी दिलेल्या वस्तूंचा 'युरोपियाना १९१४-१९१८' हा संग्रह, तिन्ही घरबसल्या पाहता येतात.

घरच्या ट्रंकेत काही सापडलं तर

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतल्या घरांत मेसोपोटेमियाच्या आठवणी निघू शकतात. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तोवर त्यांनी तिथल्या खंदकांत उपास काढले. या आघाडीची माझ्या पाहण्यातली कार्डं बहुतेक नदीची, होड्यांची आणि बसऱ्याच्या बाजाराची आहेत.

म्हणून घरातलं कार्ड, पाकीट किंवा फोटो मिळाला की आधी तो कोणाकडून आला, त्या माणसाचं गाव कोणतं, घरात काय सांगितलं जातं, हे वयस्कर माणसांना विचारून लिहून ठेवा. मग युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. शोधताना रोमन लिपीत आजचं स्पेलिंग चालणार नाही. 'पूना', 'किर्की', 'महरट्टा' असे इंग्रजांच्या काळातले उच्चार घालून पाहा. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी बसऱ्याला उभारलेल्या स्मारकाच्या दगडावर भारतीय साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली फक्त त्यांची संख्या आहे. त्यामुळे तिथल्या भिंतीचा फोटो पाहून आपला माणूस त्यात नाही असं ठरवू नका. पलटण आणि वर्ष यांवरून शोधा, गावाचं नाव दोन-तीन प्रकारांनी लिहून पाहा, आणि जे मिळेल ते कार्डाच्या स्कॅनबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा.